फूट, ठिगळ आणि पंक्तिप्रपंच

‘फूट पाडणारा’ ही आपल्या भाषेतली मोठी सोज्ज्वळ शिवी आहे. ती देताना आवाज चढवावा लागत नाही. उलट आवाज जरा खाली आणून, चेहऱ्यावर थोडी व्यथा आणून दिली तर ती अधिक लागते. घराणे असो, संस्था असो, पंथ असो. कोणीतरी एक अडचणीचा प्रश्न विचारतो. उत्तर देणे सोयीचे नसते. मग वडीलधारी मंडळी सुस्कारा सोडून म्हणतात, “अरे, अशाने फूट पडेल!” झाले. प्रश्न बाजूला राहतो आणि विचारणारा आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो.

ही युक्ती सगळ्याच धर्मांना ठाऊक आहे. पण ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात तिला शास्त्रवचनाचे बळ मिळाले. नव्या करारात ‘स्खिस्मा’ असा एक ग्रीक शब्द आहे. इंग्रजीतला ‘स्किझम’ त्याच्यापासूनच आला. श्रद्धावंतांच्या मेळ्यात पडलेली फूट, असा त्याचा अर्थ कोशात सापडतो. या एका शब्दाच्या धाकाने किती माणसे गप्प बसवली गेली, किती देशोधडीला लागली, याची गणती कोणी ठेवलेली नाही. माझे म्हणणे असे आहे की हा शब्द चोरीला गेलेला आहे. ज्यांच्या पाठीवर पौलाने ही छडी ओढली, त्यांच्याच वारसांनी ती त्याच्या हातून काढून घेतली आणि भलत्यांच्याच पाठीवर चालवली.

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, हे ग्रीक व्याकरण कशाला, असे वाचक विचारतील. त्यांना आधीच सांगून ठेवतो की हा विषय दिसतो व्याकरणाचा, पण आहे जेवणाचा. थोडा धीर धरावा.

आधी शब्द पाहू. ‘स्खिझो’ म्हणजे चिरणे, फाडणे. लाकूड फोडताना ग्रीक माणूस हे क्रियापद वापरी आणि कापड टरकावतानाही हेच. संस्कृतातला ‘छिद्’ धातू त्याचा भाऊ. दोन्ही एकाच आदिम मुळापासून निघाले, असे भाषाशास्त्र सांगते. म्हणजे आपले छेद, छिद्र, विच्छेद हे शब्द ‘स्खिस्मा’च्या नात्यातलेच. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात येशू शिवणकामाचा एक दाखला देतो. जुन्या वस्त्राला कोऱ्या, पाण्यातून न काढलेल्या कापडाचे ठिगळ कोणी लावत नाही, असे तो सांगतो. कारण ते ठिगळ आटते, जुन्याला ओढते आणि फाटलेले होते त्याहून अधिक फाटते. त्या फाटण्याला मूळात शब्द आहे ‘स्खिस्मा’. धर्मपरिषदांत ज्याचा उच्चार होताच माणसांचा थरकाप उडे, तो शब्द मुळात शिंप्याच्या दुकानातला आहे. गोधडी शिवणाऱ्या आजीच्या मांडीवरचा आहे.

मराठी बायबलात पौलाच्या पत्रात यासाठी ‘फूट’ हा शब्द रूढ झाला. भाषेत रुळलेला शब्द तोच, तेव्हा भाषांतरकारांना मी दोष देत नाही. पण जरा कान देऊन ऐका. मराठीत मडके फुटते, आरसा फुटतो, नारळ फुटतो. कापड मात्र फाटते. फुटलेले मडके पुन्हा पाणी धरीत नाही. फाटलेले वस्त्र सुईदोरा घेऊन घरातले कोणीही शिवू शकते. ‘फूट’ म्हटले की सगळे संपले, आता खापऱ्या गोळा करायच्या, असे वाटू लागते. ‘फाटले’ म्हटले की आपोआप पुढचे दोन प्रश्न येतात : कुठे फाटले? आणि कोणी ओढले? हे दोन प्रश्न टाळता यावेत, म्हणून की काय, पंथांच्या अधिपतींना पहिला शब्दच अधिक मानवतो.

बरे, फाटणे तेवढे वाईट, असे तरी नवा करार म्हणतो काय? तसेही नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तीन ठिकाणी लोकांत ‘स्खिस्मा’ झाला असे लिहिले आहे, आणि तिन्ही ठिकाणी त्याचे कारण खुद्द येशू आहे. कोणी म्हणतो हा देवाकडचा, कोणी म्हणतो नव्हे. शब्बाथाच्या दिवशी आंधळ्याला दृष्टी दिली म्हणून परूश्यांतच दोन तट पडले. योहान त्याबद्दल हळहळत नाही. घडले ते नोंदवून पुढे जातो. मार्क तर हेच क्रियापद दोनदा मोठ्या थाटाने वापरतो. येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाश फाटले, आणि त्याने प्राण सोडला तेव्हा मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. फाटणे हेच पाप असते, तर आकाशाने आणि पडद्याने काय प्रायश्चित्त घ्यावे?

आता पौलाकडे येऊ. करिंथकरांना लिहिलेल्या त्याच्या पहिल्या पत्रात हा शब्द तीनदा येतो. या करिंथची हकीकत मोठी बोलकी आहे. रोमन सेनापती मुम्मियसने इ. स. पूर्व १४६ मध्ये जुने करिंथ उद्ध्वस्त केले. शतकभर ते जवळजवळ ओसाड पडले होते. इ. स. पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरने तिथे रोमन वसाहत घातली, आणि तिच्यात मुख्यतः गुलामगिरीतून सुटलेली माणसे आणून बसवली. दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव, पूर्वेला एक बंदर, पश्चिमेला दुसरे. पैसा आला, आणि तो नवा होता. नव्या पैशाला आपला मान दाखवण्याची जी घाई असते ती या गावाला भरपूर होती. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत बहुतेक गरीब, थोडे श्रीमंत. कुलीन असे तुमच्यात फारसे कोणी नाहीत, हे पौलच त्यांना सुनावतो. इ. स. ५३ ते ५५ च्या दरम्यान केव्हातरी त्याने इफिसहून हे पत्र धाडले.

पत्राच्या पहिल्याच अध्यायात शब्द येतो. ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी पौलाला बातमी पोचवली होती की मंडळीत तट पडले आहेत. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवतो, कोणी अपुल्लोसचा, कोणी केफाचा. बहुतेक उपदेशक इथवर वाचतात आणि पुस्तक मिटतात. त्यांना हवे ते मिळालेले असते : तट पाडू नका, पुढाऱ्यांच्या नावाने भांडू नका, म्हणजेच गप्प बसा. एवढ्यावरून कोणी म्हणेल, की पाहा, मतभेद हीच फूट.

पण पत्र पुढे आहे. अकराव्या अध्यायात पौल पुन्हा तोच शब्द उचलतो, आणि या वेळी ती फाट नेमकी कुठे आहे हे बोट ठेवून दाखवतो. ती जेवणात आहे. तेव्हा प्रभुभोजन म्हणजे जिभेवर ठेवलेली पातळ चकती नव्हती. कोणाच्या तरी घरी सगळ्यांनी जमून केलेले खरेखुरे जेवण होते. करिंथमध्ये काय चालले होते? जो तो आपले आणलेले आपणच पुढे करून जेवत होता. एक उपाशी, तर दुसरा पिऊन तर्र. पौल विचारतो, तुम्हांला खायला-प्यायला आपापली घरे नाहीत काय? ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता काय?

हे कसे घडत असेल, त्याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. सधन रोमन घरातल्या भोजनगृहात तीन बाजूंनी मंचक असत आणि त्यांवर रीतीप्रमाणे नऊ माणसे रेलत. बाकीच्यांची व्यवस्था बाहेरच्या चौकात. यजमान आणि त्याच्या बरोबरीचे लोक आत. आणि दिवसभराचे काम संपवून येणारे हमाल आणि गुलाम बहुधा बाहेर, तेही आतली भांडी रिती झाल्यावर. ही त्या काळची सर्वसाधारण चाल होती. धाकट्या प्लिनीने आपल्या एका पत्रात अशाच एका यजमानाची गोष्ट सांगितली आहे. त्याने स्वतःपुढे आणि मोजक्या मित्रांपुढे उत्तम पदार्थ मांडले, इतरांपुढे हलके. आणि मद्यही तीन प्रतींचे ठेवले होते : एक आपल्यासाठी, एक खालच्या मित्रांसाठी, एक मुक्त केलेल्या गुलामांसाठी. प्लिनीला त्याची किळस आली. करिंथच्या मंडळीतल्या पैसेवाल्यांना मात्र त्यात काही वावगे दिसले नसावे. घर आमचे, अन्न आमचे, शिवाय प्रार्थना सगळ्यांना एकच!

या प्रकाराला मराठीत एक अस्सल शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तूप ओतून आणि दुसऱ्याला कोरडे, एकाला पाटावर आणि दुसऱ्याला ओसरीवर. ज्यांनी लग्नकार्यात तो सोसला आहे त्यांना त्या शब्दाचा चटका ठाऊक आहे. माझे प्रतिपादन हेच की करिंथच्या पत्रातल्या ‘स्खिस्मा’चे मर्म ‘मतभेद’ या शब्दात मुळीच येत नाही. ‘फूट’ या शब्दात अर्धवट येते. आणि ‘पंक्तिप्रपंच’ या शब्दात पुरेपूर येते. बाराव्या अध्यायातला तिसरा प्रयोग घेतला तर शंकाच उरत नाही. तिथे पौल शरीराचा दृष्टांत देतो. देहात ‘स्खिस्मा’ असू नये, म्हणजे काय? तर सर्व अवयवांनी एकमेकांची सारखीच काळजी घ्यावी. जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक आवश्यक. डोळ्याने हातासारखे वागावे असे तो कुठेही म्हणत नाही. डोळा डोळाच राहतो, हात हातच. देह फाटतो तो अवयव वेगळे असल्याने फाटत नाही. एक अवयव दुसऱ्याला ‘तुझी गरज नाही’ म्हणतो तेव्हा फाटतो.

मग मतभेदाला पौल काय म्हणतो? अकराव्या अध्यायात ‘स्खिस्मा’च्या लगेच पुढच्या वाक्यात दुसरा एक शब्द आहे : ‘हाइरेसिस’. यातूनच इंग्रजीतला ‘हेरेसी’ निघाला, आणि मराठीत त्याला ‘पाखंड’ म्हणण्याची चाल पडली. मुळात त्याचा अर्थ निवड, पसंती. आणि त्यावरून पंथ, विचारसरणी. ज्याने त्याने निवडलेली वाट, एवढेच. प्रेषितांच्या कृत्यांत सदूकी हेही ‘हाइरेसिस’, परूशी हेही ‘हाइरेसिस’, आणि खुद्द ख्रिस्ती मंडळीलाही विरोधक तेच नाव देतात. गंमत अशी की आपल्याकडच्या ‘पाखंड’ शब्दाची कुंडलीही हीच. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे पंथ. सर्व पासंडांचा मान राखावा असे बाराव्या शिलालेखात तो बजावतो. पुढे त्याच शब्दाची शिवी झाली. ग्रीसमध्ये काय आणि भारतात काय, ‘निवड’ म्हणणारा शब्द सत्तेच्या हाती पडला की शिवी होऊनच बाहेर येतो.

आणि या ‘हाइरेसिस’विषयी पौल म्हणतो काय? ते तुमच्यात असायलाच हवेत, म्हणजे खरे कोण ते उघड होईल. या वाक्यात उपरोध आहे असे कित्येक विद्वान म्हणतात. असेल. पण उपरोध धरला तरी एवढे दिसतेच की आगपाखड झाली आहे ती जेवणावर. मतांच्या गटांवर त्याने एका वाक्यापेक्षा जास्त शाई खर्च केलेली नाही.

यावर पूर्वपक्ष येणारच. गलतीकरांच्या पत्रात याच ‘हाइरेसिस’ला पौलाने देहाच्या दुष्कर्मांच्या यादीत बसवले आहे, असे शास्त्री म्हणतील. खरे आहे. पण त्या यादीत त्याचे शेजारी कोण आहेत ते पाहावे : वैर, कलह, मत्सर, संताप. शेजाऱ्यांवरून ओळखावे की इथे गटबाजीचा विखार अभिप्रेत आहे. आणि ज्या पत्रात ही यादी आहे त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल स्वतःची एक गोष्ट सांगतो. अंत्युखियात केफा, म्हणजे पेत्र, येशूचा थोर शिष्य, यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर एका पंक्तीत जेवत असे. यरुशलेमहून काही मंडळी आली तेव्हा त्यांच्या भीतीने तो पंक्तीतून उठला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतरही उठले. पौलाने काय केले? एकीला तडा जाईल, वडील माणूस आहे, झाकून न्यावे, असे म्हटले? त्याने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर जाब विचारला. दोन-तीन शतकांनंतर हा प्रकार घडता तर पौलालाच फूट पाडणारा ठरवून बाहेर घातला असता! त्याच्या लेखी मात्र फाडणारा तो, जो पंक्तीतून उठला. आणि भांडणारा शिवायला बसला होता.

दुसरा आक्षेप असा, की पहिल्याच अध्यायात सर्वांनी एकच बोलावे, एकाच मनाचे असावे, असा आग्रह आहे. पण ‘एकच बोलणे’ हा ग्रीक राजकारणातला रुळलेला वाक्प्रचार आहे. बिओशिया आणि मेगारा ही दोन राज्ये एका धोरणाने वागली हे सांगताना थुसिडिडीज हाच वाक्प्रचार वापरतो. त्यातून दोन्हीकडचे नागरिक पोपटपंची करू लागले असा अर्थ कोणी काढत नाही. रोमकरांच्या पत्रात तर पौल आहाराचाच वाद हाती घेतो. कोणी सर्व काही खातो, कोणी फक्त भाजीपाला. एकाने दुसऱ्याला तुच्छ लेखू नये, दुसऱ्याने पहिल्याला दोष लावू नये, ज्याची त्याची खात्री ज्याच्या त्याच्या मनाशी, असा निवाडा तो देतो. पानातले पदार्थ वेगळे चालतील. पान मांडण्याची जागा वेगळी चालणार नाही. एवढा साधा हा कायदा आहे.

हा साधा कायदा नाहीसा कसा झाला? इ. स. २५१ च्या सुमारास कार्थेजचा बिशप सिप्रियान याने मंडळीच्या एकतेवर एक प्रबंध लिहिला. छळाचे दिवस होते, मंडळी विस्कटली होती, आणि सिप्रियान पुढे स्वतः हुतात्मा झाला. तेव्हा त्याच्या हेतूविषयी मला काही म्हणायचे नाही. पण त्याने एक दृष्टांत वापरला आणि तो शतकानुशतके चालला. येशूला क्रुसावर दिले तेव्हा त्याचा अंगरखा बिनशिवणीचा, एकसंध विणलेला होता. शिपायांनी तो न फाडता त्यावर चिठ्ठ्या टाकल्या. मंडळी ही त्या अंगरख्यासारखी, तिला जो फाडील तो ख्रिस्ताचा नव्हे, असा हा दृष्टांत. योहानाने तिथे ‘स्खिझो’ हेच क्रियापद घातले आहे. वाचताना माझ्या मनात येते : अंगरखा अखंड राहिला हे खरे, पण राहिला कोणाच्या हाती? शिपायांच्या. आणि ज्याचा तो होता तो उघडा, खिळ्यांनी ठोकलेला. वस्त्राला दोरा ढळू न देता देहाला भोसकणे, हीच पुढच्या कित्येक धर्मरक्षकांची रीत होऊन बसली.

उत्तर आफ्रिकेत डोनॅटस-पंथी निघाले तेव्हा ऑगस्टीनसारखा थोर मनाचा माणूस आधी म्हणत होता की बळजबरी नको. पुढे त्याचे मत पालटले. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीचा दाखला आहे : धनी चाकराला सांगतो की गोरगरीब, लंगडे, आंधळे यांना घेऊन ये, आणि तरी जागा उरली तेव्हा, रस्त्यावरच्यांनाही आग्रहाने आत आण. या आग्रहाचा अर्थ ऑगस्टीनने सक्ती असा लावला. ४११ साली कार्थेजला वादसभा भरली, डोनॅटस-पंथी हरले, आणि ४१२ साली बादशाही फर्मान सुटले. त्यात दंड ठरले ते दर्जाप्रमाणे : सरदाराला इतके सोने, त्याखालच्याला इतके, शेतावरच्या कुळांना मात्र फटके. एकता प्रस्थापित करतानासुद्धा पंक्तिप्रपंच सुटला नाही!

पुढच्या कथाही जेवणाच्याच आहेत, हा योगायोग विलक्षण आहे. १०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांचे बिनसले, त्यात भाकरी आंबवलेली असावी की बिनखमिराची, हा मोठा मुद्दा होता. त्या वेळी एकमेकांना दिलेले शाप १९६५ च्या डिसेंबरात मागे घेतले गेले. नऊशे अकरा वर्षे लागली. १३७८ पासून पश्चिमेत एका वेळी दोन, आणि पुढे तीन पोप झाले. हा ‘महाभेद’ मिटवायला १४१४ साली कॉन्स्टन्सला परिषद बसली आणि १४१७ साली तिने एकच पोप निवडून तो मिटवलाही. पण त्याच परिषदेने १५ जून १४१५ रोजी असा ठराव केला की प्रभुभोजनातला द्राक्षारसाचा पेला सामान्य माणसाला द्यायचा नाही. तो फक्त उपाध्यायाचा. आणि तीन आठवड्यांनी, ६ जुलैला, बोहेमियाचा यान हुस याला जिवंत जाळले; बादशहाने अभयपत्र दिलेले असताना जाळले. फाट शिवायला बसलेल्या परिषदेने एका हाताने टाका घातला आणि दुसऱ्या हाताने पंगतीतल्या गरिबापुढून पेला उचलून नेला. हुसच्या देशबांधवांनी पुढे तोच पेला आपल्या निशाणावर चढवला, यात नवल ते काय?

आता आपल्या देशाकडे. मुंबई आणि गोवे यांच्या इतिहासात ‘गोवेकरी स्किझम’ म्हणून एक प्रकरण प्रसिद्ध आहे. वाद असा की इथल्या कॅथलिक मंडळींवर बिशप नेमायचा कोणी : पोर्तुगालच्या राजाच्या जुन्या हक्काने, की १६२२ साली रोमने स्थापलेल्या धर्मप्रसार मंडळाने? मुंबईत १७९४ साली कंपनी सरकारने चर्चेस दोन्ही पक्षांत वाटून दिली. १८३८ साली पोपने पोर्तुगालचा अधिकार बऱ्याच भागांतून काढून घेतला. तो आदेश न मानणाऱ्या गोवेकर पाद्र्यांना ‘फुटीर’ म्हटले जाऊ लागले. मुंबईतला हा दुहेरी अंमल १९२८ साली संपला. दोन्हीकडे मिस्सा तीच, श्रद्धा तीच, लॅटिनही तीच. शिक्का कोणाचा, एवढाच तंटा. पण त्याला ‘स्किझम’ हे जड नाव मिळाले.

आणि याच देशात, तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे, वडक्कनकुलम् येथे एकोणिसाव्या शतकात एक चर्च बांधले. वेदी एक, आणि तिच्याकडे येणारी दालने दोन, विजारीच्या दोन पायांसारखी. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींना एक दालन, नाडारांना दुसरे. मध्ये भिंत. १९१० साली ती भिंत पाडली गेली. छप्पर एक, बिशप एक, श्रद्धा एक, म्हणून या रचनेला कोणी ‘स्किझम’ म्हटले नाही. मला सांगा, पौल मुंबईला उतरून दक्षिणेला गेला असता, तर त्याने आपला शब्द कुठे वापरला असता? बिशपच्या नेमणुकीच्या कागदावर, की त्या भिंतीवर?

मी एकाच बाजूची वकिली करतो असे कोणी समजू नये. जे बाहेर पडले तेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. डोनॅटस-पंथी दुसऱ्यांचा बाप्तिस्मा खोटा म्हणत आणि त्यांच्यातल्या काही टोळ्यांनी दांडकी चालवली. १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली भेटले. पंधरांपैकी चौदा कलमांवर एकमत झाले. पंधराव्या कलमात, भाकरी आणि द्राक्षारस यांत ख्रिस्त कसा असतो यावर, अडले. आणि ल्यूथरने बंधुत्वाचा हात दिला नाही. भोजनाचा अर्थ ठरेना म्हणून भोजनच मोडले! बंडखोर झाला म्हणून माणूस पंक्तिप्रपंचातून सुटतो असे नव्हे. कसोटी दोघांनाही तीच लावावी.

फक्त ती लावताना आरोप कोण कोणावर करतो हे पाहावे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापला. रमाबाई प्रश्न विचारतात, आणि उत्तरात त्यांना अहंकाराबद्दल, आज्ञाभंगाबद्दल बोल ऐकावे लागतात. मायदेशच्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, ते दुसऱ्यांचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर आहे. या हट्टी बाईने पुढे केडगावात काय फाडले? अनाथ, विधवा, दुष्काळातून आलेल्या मुली यांना एका छपराखाली जेवू घातले, आणि स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून निघाले.

शेवटी आणखी एक ग्रीक शब्द, आणि मग वाचकांची सुटका. पहिल्या अध्यायात ‘स्खिस्मा’ नको असे म्हणून पौल लगेच त्याचा उपाय सांगतो. तिथे क्रियापद आहे ‘कातार्तिझो’. भाषांतरांत त्याचे ‘जोडले जावे’, ‘पूर्ण व्हावे’ असे काही होते. पण मार्कच्या पहिल्या अध्यायात हेच क्रियापद जब्दीच्या मुलांसाठी आले आहे. ते होडीत बसून काय करत होते? जाळी सांधत होते. ग्रीक वैद्य निखळलेले हाड बसवताना हाच शब्द वापरीत. म्हणजे पौलाच्या मनात एकतेचे चित्र आहे ते कोळ्याच्या जाळ्याचे. आता जाळ्याला भोके असायचीच. भोके बुजवून टाकली तर ती चादर होईल. तिच्यात मासळी यायची नाही. माणसामाणसांतले मतांचे अंतर हे जाळ्याच्या घरांसारखे आहे. ते असावेच लागते. जाळे फाटते ते गाठ सुटली म्हणजे, आणि गाठ एकाच ठिकाणी असते : एक माणूस दुसऱ्यासाठी थांबतो तिथे. अकराव्या अध्यायात सगळा राग ओतून झाल्यावर पौलाने करिंथकरांना केलेली आज्ञा एवढीशीच आहे. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

योहानाच्या शेवटच्या अध्यायात एकशे त्रेपन्न मोठे मासे लागूनही जाळे फाटले नाही, असे आहे. क्रियापद अर्थातच ‘स्खिझो’. ते ओढून आणणारा तोच पेत्र, जो पुढे अंत्युखियात पंक्तीतून उठणार होता. आणि किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, शेजारी भाकरी. आणि उभा असलेला यजमान त्यांना कोणते मत मानता हे न विचारता न्याहारीला बोलावतो आहे. यापुढे कोणी फुटीचा आरोप घेऊन आला, तर त्याला मत विचारू नये. त्याच्या घरची पंगत कशी बसते, तेवढे पाहून यावे.